घर-जमिनीच्या व्यवहारांचा व्यवसाय आपल्याला जमेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या व्यवसायात यावे की नाही, असे विचारायला येणाऱ्यांमध्ये नुकतेच पदवीधर झालेले तरुण असतात, नोकरी सुटलेले चाळिशीतले गृहस्थ असतात, मुले मोठी झाल्यावर स्वतःचे काम शोधणाऱ्या गृहिणी असतात आणि बँकेतून निवृत्त झालेले लोकही असतात. पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीची मध्यस्थी करताना या सर्वांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायदा, शुल्क आणि कागदपत्रे यांचे तपशील महाराष्ट्रातील आहेत.

रिअल इस्टेटमध्ये करिअर करायचे म्हणजे एजंटच व्हावे लागते का?

तसे नाही. विकसकाच्या कार्यालयात विक्री विभाग असतो, ग्राहकांचे करारनामे आणि हप्ते सांभाळणारा विभाग असतो आणि महापालिका व महसूल कार्यालयांतून परवानग्या आणणारी माणसे असतात. त्याखेरीज मूल्यांकनकार, गृहकर्जाची कामे करणारे, मालकी हक्काचा शोध घेणारे वकील आणि मोठ्या गृहसंकुलांची व्यवस्था पाहणारे असे अनेक लोक याच क्षेत्रावर उपजीविका करतात. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेल्यांनी या वाटा आधी पाहाव्यात, कारण तेथे दरमहा पगार असतो आणि शिक्षणाचा थेट उपयोग होतो. मात्र आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणाऱ्या एजंटचे काम असते, त्यामुळे पुढील उत्तरे मुख्यतः त्याच कामाविषयी आहेत.

एजंट होण्यासाठी कोणते शिक्षण आणि कोणती नोंदणी लागते?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका, दुकान किंवा भूखंड यांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे महारेराकडे, नोंदणी केलीच पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत व्यक्तीसाठी १०,००० रुपये आणि संस्थेसाठी १,००,००० रुपये असे नोंदणी शुल्क ठेवले आहे. ही नोंदणी पाच वर्षे चालते.

महारेराने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार एजंटाला २० तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र मिळते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या एजंटांनाही ही अट लागू झाली आणि वेळेत प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २०,००० एजंटांच्या नोंदण्या २०२४ मध्ये स्थगित झाल्या. त्या वेळी अनेकांनी नाराजी व्यक्त केली. माझे मत वेगळे आहे. माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीला हात लावणाऱ्या मध्यस्थाला चटई क्षेत्र म्हणजे काय, हे परीक्षेला बसून सांगावे लागत असेल, तर त्यात गैर काहीच नाही.

ही परीक्षा अवघड नाही. ती उत्तीर्ण झाल्याने काम करण्याची परवानगी मिळते, काम येत नाही, एवढे मात्र आधीच ओळखून असावे.

नोंदणी न करता सुरुवात केली तर चालेल का?

नोंदणीकृत प्रकल्पात चालणार नाही. कलम ६२ नुसार कसूर चालू राहील तितके दिवस रोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. केवळ भाड्याचे किंवा जुन्या इमारतींतील पुनर्विक्रीचे काम करणारा या कलमाच्या कक्षेत येत नाही, हे खरे असले, तरी आज भाड्याने घर घेणारे जोडपे दोन वर्षांनी नव्या प्रकल्पात घर शोधू लागते आणि त्या वेळी नोंदणी नसलेल्या एजंटाला बाजूला उभे राहावे लागते.

उत्पन्न किती असते आणि ते हातात केव्हा पडते?

या प्रश्नाचे उत्तर ऐकून जे परत जातात, त्यांनी योग्य निर्णय घेतला असे मी मानतो.

एक उदाहरण घेऊ. वाकडमधील ८० लाख रुपयांच्या सदनिकेची पुनर्विक्री तुमच्या मध्यस्थीने होते आहे. पुण्यात पुनर्विक्रीत एका पक्षाकडून साधारण एक टक्का दलाली घेण्याची रीत आहे, म्हणजे ८०,००० रुपये. खरेदीदार तुमचा आणि विक्रेता दुसऱ्या एजंटाचा असेल, तर तुमच्या वाट्याला फक्त खरेदीदाराकडची दलाली येते आणि तीही बहुधा घासाघीस होऊन. आता या रकमेचा प्रवास पाहा. ग्राहकाने पहिला फोन जूनमध्ये केला. पावसात आठ-दहा घरे दाखवली. ऑगस्टमध्ये एक पसंत पडले आणि टोकन दिले गेले. तोवर पितृपक्ष जवळ आला म्हणून कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी व्यवहार पुढे ढकलला. बँकेने कागदपत्रांत एक जुना करारनामा कमी असल्याचे सांगितले. सोसायटीच्या सचिवांची सही मिळायला दोन आठवडे लागले. आणि दसऱ्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला गेला. दलाली त्या दिवशी किंवा त्यानंतर मिळते. जूनमध्ये सुरू केलेल्या कामाचे पैसे अशा रीतीने दिवाळीच्या तोंडावर येतात आणि मधल्या काळात ज्या पाच ग्राहकांना घरे दाखवली पण ज्यांचे जमले नाही, त्यांच्यासाठी जाळलेल्या पेट्रोलचे पैसे कोणीच देत नाही.

नव्या प्रकल्पांत विकसकाकडून मिळणाऱ्या दलालीची टक्केवारी सहसा यापेक्षा अधिक असते, आणि म्हणून नवे लोक ‘चॅनल पार्टनर’, म्हणजे विकसकाची घरे विकून देणारे एजंट, होण्याकडे वळतात. त्या टक्केवारीला अटी जोडलेल्या असतात. करारनामा नोंदला गेला पाहिजे, ग्राहकाकडून ठरलेला हिस्सा जमा झाला पाहिजे, मग तुम्ही बिल द्यायचे आणि त्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने थांबायचे. ग्राहकाने आरक्षण रद्द केले, तर मिळालेली दलालीही परत द्यावी लागू शकते. या सर्व अटी लेखी असल्याखेरीज विकसकाच्या कार्यालयात एकही ग्राहक नेऊ नये.

दलालीचा दर रेरा कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो बोलूनच ठरतो आणि म्हणूनच तो पहिल्या भेटीत ठरवून मोबाइलवरील संदेशात का होईना, लिहून घ्यावा. सुरुवातीच्या वर्षांत मला हे कळले नव्हते. कोथरूडमधील एका घरासाठी तीन महिने फिरल्यावर दोन्ही पक्ष परस्पर भेटले, व्यवहार पूर्ण झाला आणि दलाली मागायला गेलो, तेव्हा ‘आपले असे काही ठरले नव्हते’ असे उत्तर मिळाले. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. संकोचामुळे मी काही ठरवलेच नव्हते.

मग सुरुवात करताना हाताशी किती पैसे असावेत?

घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि मुलांची शाळा मिळून निदान बारा महिने पुरेल इतकी रक्कम हाताशी असावी. सहा महिने पुरतील असे अनेकजण सांगतात. पण त्या सहा महिन्यांत पावसाळा आला, तर हिशेब कोलमडतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी या मुहूर्तांभोवती आरक्षणे होतात आणि पितृपक्षात फोनसुद्धा वाजत नाही. अधिक महिना आला, की आणखी एक महिना शांततेत जातो. वर्षभराचे चक्र एकदा स्वतःच्या अंगावर घेतल्याशिवाय या व्यवसायातील महिन्याचे सरासरी उत्पन्न काढता येत नाही.

व्यवसायाचा खर्च वेगळा धरावा. दुचाकीचे इंधन, संकेतस्थळांवर घरांच्या जाहिराती देण्याची वर्गणी, छायाचित्रे आणि नोंदणी शुल्क हा खर्च पहिला रुपया येण्याआधीच सुरू होतो. कार्यालय भाड्याने घेण्याची घाई मात्र करू नये.

मला फार बोलता येत नाही. तरी हे काम जमेल का?

बोलण्याच्या हातोटीला लोक उगीचच फार महत्त्व देतात. घर घेणाऱ्या कुटुंबाचे अर्धे बोलणे एकमेकांशी चाललेले असते. नवऱ्याला कार्यालयापासूनचे अंतर महत्त्वाचे वाटते, बायकोला शाळा, आणि सासूबाई स्वयंपाकघराची दिशा पाहत असतात, पण त्यांच्या मनातली खरी अडचण एवढीच असते, की लिफ्ट बंद पडली, तर चौथा मजला चढायचा कसा. हे जो ऐकतो, त्याला पुढच्या वेळी बारा घरे दाखवावी लागत नाहीत, तीन पुरतात. अबोल पण लक्ष देऊन ऐकणारी माणसे या व्यवसायात टिकलेली मी पाहिली आहेत.

जी गोष्ट नसेल तर हा व्यवसाय करू नये, ती वेगळी आहे. घरात पैशांची ओढ असताना, महिन्याभरात एकही व्यवहार झालेला नसताना, समोर तयार बसलेल्या ग्राहकाला ‘हे घर घेऊ नका’ असे सांगता आले पाहिजे. एका तरुण दांपत्याला मी तीन महिने घरे दाखवली आणि त्यांना शेवटी जे आवडले, त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, नव्हते. विक्रेता ‘लवकरच मिळेल’ असे म्हणत होता, किंमत कमी होती, दांपत्य उत्सुक होते. मी त्यांना कागद समोर ठेवून थांबायला सांगितले. त्यांनी ते घर दुसऱ्या एजंटामार्फत घेतले आणि मला त्या फेऱ्यांचा एक रुपयाही मिळाला नाही. तो महिना घरात कठीण गेला. असा प्रसंग वर्षातून दोन-चारदा येतो, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या तोट्याचे उत्तर देता येईल का, हे व्यवसायात येण्याआधी स्वतःला विचारावे. हाताशी बारा महिन्यांचा खर्च असावा असे वर म्हटले, त्याचे एक कारण हेही आहे. उद्याची चिंता असलेल्या माणसाला खरे बोलणे फार महाग पडते.

कोणती कागदपत्रे वाचता आली पाहिजेत?

वकिलाचे काम एजंटाने करू नये. परंतु कागद पाहून शंका कोठे घ्यायची, हे त्याला कळलेच पाहिजे. हा भाग मला या व्यवसायातील सर्वांत रसाळ वाटतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या संकेतस्थळावरील त्या प्रकल्पाचे पान शेवटपर्यंत वाचावे. तेथे प्रकल्प पूर्ण करण्याची जाहीर तारीख असते, ती किती वेळा पुढे ढकलली ते दिसते, जमिनीवरील कर्ज व न्यायालयीन वाद असतात आणि मंजूर आराखडे असतात. माहितीपत्रकात तरण तलाव दिसतो आणि मंजूर आराखड्यात तो नसतो, असे घडू शकते. करारनामा नोंदवल्याशिवाय विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ही रेराच्या कलम १३ मधील तरतूद प्रत्येक ग्राहकाला तुम्ही स्वतः सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्यात इतर कोणाचाच लाभ नसतो. घराचे क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच सांगावे. या कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात आतील भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. ‘सुपर बिल्ट-अप’, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा हिस्साही धरलेला, आकडा ऐकून भारावलेल्या ग्राहकाला मोजपट्टी लावून खोली दाखवली, की सगळे स्पष्ट होते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड देणेही बंधनकारक आहे आणि ही जबाबदारी एजंटाने केलेल्या जाहिरातीलाही लागू होते.

पुनर्विक्रीत कागदांची साखळी पाहायची असते. पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक करारनामा, त्याची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश), मुद्रांक शुल्क भरल्याची नोंद, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांतील एखादी कडी तुटलेली असेल, तर ती बँकेच्या वकिलाने शोधण्याआधी तुम्ही शोधली पाहिजे. मालकाचे निधन झालेले असेल, तर वारस किती आहेत आणि त्यांतील कोणी परदेशी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. नामनिर्देशन असले म्हणजे मालकी मिळाली, असा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यापायी ऐन नोंदणीच्या दिवशी व्यवहार मोडतात. सोसायटीकडून हस्तांतरण अधिमूल्याच्या, म्हणजे सदनिका नव्या मालकाच्या नावे करण्याच्या शुल्काच्या, नावाखाली मोठी रक्कम मागितली जात असेल, तर महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, हे विनयाने निदर्शनास आणून द्यावे.

जमिनीच्या व्यवहारांत पैसा जास्त असतो म्हणतात. सुरुवात तेथूनच करावी का?

करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सदनिकेच्या व्यवहारातील चूक बहुधा पैशांनी भरून निघते. जमिनीच्या व्यवहारातील चूक दोन पिढ्या न्यायालयात नेते. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ यांचा एकत्र उतारा. त्यावर नाव दिसले, की मालक भेटला असे नवख्या माणसाला वाटते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव आहे का, बँकेचा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर बंधने असलेली, आहे का, हे त्याला पाहायचे सुचत नाही. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६अ चे निर्बंध आहेत. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो किंवा त्याला कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगी काढावी लागते. शेतातील दोन-तीन गुंठे तोडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे बंधन आहे. त्यात अलीकडे बदल होत आले आहेत, त्यामुळे त्या गावाला आज काय लागू आहे, ते महसूल कार्यालयातूनच विचारून घ्यावे. शहरालगत ‘एनए’ (अकृषिक) प्लॉट म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तुकड्यांपैकी कितींसाठी अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन आहे, हे मागून पाहिले, की बोलणे एकदम थांबते.

याखेरीज जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदी, वाचावे लागतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका बहिणीचे नाव वाटणीत कसे कमी झाले, हे एका फेरफारात दडलेले असते, आणि ती बहीण किंवा तिची मुले व्यवहाराच्या वेळी पुढे येतात. त्यांचे पुढे येणे न्याय्यही असते. ज्याला जमिनीचेच काम करायचे आहे, त्याने अनुभवी वकील किंवा निवृत्त तलाठी यांच्या हाताखाली निदान दोन वर्षे काढावीत.

गोव्यात किंवा कोकणात काम करता येईल का?

कोकणात सामाईक खाती आणि मुंबईत विखुरलेले हिस्सेदार यांच्यामुळे एकेका वाडीच्या व्यवहाराला वर्षे लागतात. गोव्यात तर कागदच निराळे आहेत. सातबाऱ्याच्या जागी तेथे फॉर्म १ व १४ असतो आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असल्याने विक्रीच्या दस्तावर दोघांच्या सह्या लागतात. पुण्या-मुंबईचा अनुभव तेथे नेताना शिकण्याची तयारी पुन्हा पहिल्यापासून ठेवावी लागते.

भाड्याच्या व्यवहारांपासून सुरुवात केली तर?

नव्या माणसासाठी मी हीच वाट सुचवतो. रक्कम लहान असते, पण ती लवकर हातात पडते. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारासाठी साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेण्याची रीत आहे. त्याहून मोठा लाभ असा, की वर्षभरात त्या परिसरातील प्रत्येक इमारत, तिचे पाणी, तिची पार्किंगची भांडणे आणि तिचा सुरक्षारक्षक तुमच्या ओळखीचा होतो. विक्रीच्या वेळी ग्राहक याच माहितीसाठी तुमच्याकडे येतो.

येथेही कायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. केवळ नोटरीच्या शिक्क्यावर काम भागवू पाहणाऱ्या मालकाला हे समजावून सांगणे एजंटाचे काम आहे. अविवाहित मुलगे, एकट्या राहणाऱ्या मुली, विशिष्ट धर्माचे किंवा जातीचे लोक नकोत, असे सांगणारे मालक तुम्हाला भेटतील. अशा अटी निमूटपणे पुढे पोहोचवणारा एजंट त्या अन्यायात सहभागी होतो, असे मी मानतो; निदान मालकाशी एकदा स्पष्ट बोलून पाहावे.

विकसकाकडे नोकरी करावी की स्वतंत्र काम?

आर्थिक आधार नसेल, तर आधी दोन वर्षे नोकरी करावी. पगार कमी आणि विक्रीच्या लक्ष्याचा ताण मोठा असतो, शनिवार-रविवार मिळत नाहीत. पण करारनामा, हप्त्यांचे वेळापत्रक, बँकांच्या पद्धती आणि ग्राहकांच्या तक्रारी जवळून पाहायला मिळतात. या नोकरीची मर्यादा एवढीच, की तुम्हाला एकाच प्रकल्पाची बाजू मांडावी लागते. ग्राहकासाठी शेजारचा प्रकल्प योग्य आहे, हे दिसत असूनही बोलता येत नाही, आणि काहींना तेच सहन होत नाही.

सध्याची नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येईल का?

भाड्याचे काम काही प्रमाणात करता येते. विक्रीचे काम करता येत नाही, कारण दुय्यम निबंधक कार्यालय, बँक आणि महापालिका ही तिन्ही ठिकाणे मुख्यतः तुमच्या कार्यालयीन वेळेतच उघडी असतात.

ओळखीचे आणि नातेवाईक पुष्कळ आहेत. त्यांच्या भरवशावर सुरुवात करावी का?

पहिले दोन-तीन व्यवहार ओळखीतून येतात, हे खरे आहे. परंतु नात्यात दलाली मागण्याचा संकोच वाटतो आणि नात्यातच तक्रार सर्वांत जास्त काळ टिकते. मावसभावाच्या घरात पुढे गळती निघाली, तर ती गळती प्रत्येक लग्नकार्यात तुमच्यासमोर मांडली जाते. नातेवाइकांना सेवा द्यायची असेल, तर दलाली घेणार की नाही, हे आधीच सांगावे आणि कागदपत्रांची तपासणी परक्या ग्राहकाइतकीच काटेकोर करावी. किंबहुना थोडी अधिकच करावी.

स्त्रियांसाठी हे क्षेत्र कसे आहे?

घराचा निर्णय बहुतेक कुटुंबांत स्त्रियांच्या संमतीनेच होतो आणि त्यांना स्त्री एजंटाशी मोकळेपणाने बोलता येते. त्यामुळे भाड्याच्या आणि पुनर्विक्रीच्या कामात अनेक स्त्रियांनी उत्तम जम बसवला आहे. अडचण सुरक्षिततेची आहे आणि ती लपवून उपयोग नाही. रिकाम्या सदनिकेत अनोळखी माणसाला एकटीने घेऊन जावे लागते. ग्राहकाची पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी ठेवणे, त्याच्या ओळखपत्राची प्रत घेणे, सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद करणे, अंधार पडल्यावर अर्धवट बांधकामावर न जाणे आणि कोठे आहोत हे घरी कळवून ठेवणे, हे नियम एखादा व्यवहार गेला तरी मोडू नयेत. पुरुषांनीही ते पाळले, तर बरे.

मंदी आली तर काय होते?

मंदी येतेच. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी आणि पाठोपाठ २०१७ मध्ये आलेले रेरा व वस्तू व सेवा कर यांमुळे व्यवहार बराच काळ थंडावले आणि अनेक एजंट दुसऱ्या कामाकडे वळले. २०२० च्या टाळेबंदीत काही महिने नोंदणी जवळपास थांबली. मग राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात सवलत दिली, डिसेंबरअखेरपर्यंत शहरी भागात ५ टक्क्यांचे मूळ शुल्क २ टक्क्यांवर आले, आणि दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांत ज्यांचे ग्राहक उभे होते, ते एजंट टाळेबंदीत घरी बसून जुन्या ग्राहकांना फोन करत राहिलेले होते. मंदीत भाड्याचे काम चालू राहते, हेही त्याकडे दुर्लक्ष न करण्याचे एक कारण आहे.

कर आणि हिशेब यांचे काय?

वर्षभराची उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली, की वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते आणि दलालीवर १८ टक्के कर लागतो. विकसक दलाली देताना उगमस्थानी कर (टीडीएस) कापतो. तो दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला आहे. डिसेंबर २०२० पासून २० लाख किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेले एजंट काळ्या पैशांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत आहेत, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी त्यांनी जपून ठेवल्या पाहिजेत. किमतीचा काही भाग रोख देण्या-घेण्याची बोलणी तुमच्यासमोर होऊ लागली, तर तेथून उठावे.

‘दलाल’ म्हणवून घेणे घरच्यांना कमीपणाचे वाटते. काय करावे?

या शब्दाला वास येण्याचे कारण शब्दात नाही, काही लोकांच्या वागण्यात आहे. जागा न पाहता जागेचे वर्णन करणारे, दोन्ही पक्षांना वेगवेगळी किंमत सांगणारे आणि टोकन मिळाल्यावर फोन न उचलणारे मध्यस्थ लोकांनी अनुभवले आहेत. घरच्यांचा आक्षेप म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये. एखाद्या नोंदणीच्या दिवशी त्यांना सोबत न्यावे. अंगठ्याचा ठसा देताना हात थरथरणारे आजोबा, घराची पहिली किल्ली हातात घेणारी मुलगी आणि त्या दोघांचे कागद नीट लावून देणारा माणूस त्यांनी एकदा पाहिला, की पुढचे समजावणे सोपे जाते.

अंतिम निर्णय घेण्याआधी काय करून पाहावे?

तीन महिने काढावेत आणि त्यात पैसे मिळवण्याचा विचार करू नये. आपल्या भागातील एखाद्या जुन्या, नोंदणीकृत एजंटाला विनंती करून त्याच्या सोबत फिरावे. त्याची घरे उघडून दाखवावीत, झेरॉक्स काढाव्यात, सोसायटीच्या कार्यालयात ताटकळावे. एक संपूर्ण दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात बसून पाहावे. कोणाच्या तरी ओळखीने दहा जुने करारनामे मिळवून पहिल्या पानापासून अनुसूचीपर्यंत वाचावेत आणि न कळलेल्या शब्दांची यादी करावी. एक किलोमीटरच्या परिघातील प्रत्येक इमारतीचे वय, भाडे, विक्रीचा दर, पाण्याची स्थिती आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हे एका वहीत उतरवावे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या दस्तांचा शोध घेता येतो, त्यामुळे लोक सांगतात ते दर आणि प्रत्यक्ष नोंदलेले दर यांतील अंतरही कळते.

तीन महिन्यांनी ती वही उघडावी. नोंदी पहिल्या दोन आठवड्यांनंतर थांबलेल्या असतील, करारनामे चौथ्या पानावर मिटलेले असतील, तर या कामातील पैसा आपल्याला हवा होता आणि काम नको होते, असे समजून नोकरीकडे वळावे. तीन महिन्यांहून अधिक काही गमावलेले नसते. वही भरून दुसरी सुरू केली असेल आणि त्यातील किमान एका इमारतीविषयी तेथे राहणाऱ्यांपेक्षा अधिक माहिती तुमच्याजवळ असेल, तर प्रशिक्षणाला नाव घालावे आणि नोंदणीचे १०,००० रुपये भरावेत.